किडक्या पानाची बाजू

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे वाचकांनी टिपलेली निसर्गाची छायाचित्रं येताहेत. उपक्रम चांगला आहे. पण मागच्या रविवारी ऐरोलीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) फोटो अर्धं पान भरून आला, तेव्हा माझा सात वर्षांचा नातू चहाच्या टेबलावरून ओरडला, "आजी, स्ट्रॉबेरी आइस्क्रीम!" पोराचं काही चुकलं नव्हतं. मला ऐरोलीत राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली, दर हिवाळ्यात खाडीवर जाते, पण इतका गुलाबी रोहित एकदाही पाहिला नाही. फोटोखाली ओळ होती, 'निसर्ग नावाचा चित्रकार'. चित्रकार निसर्ग असेल, पण वरचा रंग दुसऱ्याच कुणीतरी ओतला होता.

हे मी खात्रीनं सांगते, कारण रंग ओतायचं काम मी स्वतः चोवीस वर्षं केलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

1979 ते 2003 मी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत रिटचर होते. आता हा शब्दही कुणाला माहीत नाही, म्हणून सांगते. फिल्म धुऊन वाळली की निगेटिव्ह माझ्याकडे यायची. उतरत्या काचेचं एक डेस्क असे, काचेखालून उजेड. निगेटिव्हवर रिटचिंगचं मीडियम बोटानं चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे मारत तो आजूबाजूच्या दाटपणाशी मिळवून टाकायचा. प्रिंट निघाली की डाग गायब. मुरूम, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची लहानपणची खोक, सगळं मी या हातांनी बुजवलं आहे. लग्नाच्या मुलींचे फोटो आले की मालक हळूच म्हणायचे, "बाई, जरा उजळ करा, पाहुणे रविवारी यायचेत." मग निगेटिव्हवर लाल डायचा पातळ हात द्यायचा. तेवढ्या भागातून प्रकाश कमी जातो आणि प्रिंटमध्ये मुलगी दोन छटा गोरी होते. किती मुलींना मी असं गोरं केलं, त्याचा हिशेब नाही. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

एकच प्रसंग सांगते. एकदा एक बाई आईचा जुना फोटो मोठा करून घ्यायला आल्या. आई गेली होती, तेराव्याला फोटो हवा होता. निगेटिव्ह आमच्याकडेच होती. मोठी प्रिंट हातात घेतल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आईच्या हनुवटीवर तीळ होता हो. तो कुठे गेला?" तो मी भरला होता. कुणी सांगितलं नव्हतं. हातानं सवयीनं भरला होता. मी निगेटिव्ह परत काढली, कापसाला टर्पेंटाइन लावून पेन्सिल पुसली. तीळ आला. दुसरी प्रिंट काढली, तिचे पैसे घेतले नाहीत.

पुढे कॉम्प्युटर आला. माझं दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत होऊ लागलं आणि मालकांनी स्टुडिओचं मोबाइलचं दुकान केलं. मी घरी बसले.

माझं माहेर कोल्हापूर. वडील आम्हाला टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यायचे आणि आबालाल रहिमानांच्या चित्रांसमोर उभं करायचे. 1931 साली गेलेला हा माणूस कोल्हापूरच्या बाहेर फारसा पडला नाही. कोटितीर्थाचं पाणी, काठावरची झाडं, संध्याकाळ, तेवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं. लहानपणी मला ती चित्रं मळकट वाटायची. शाळेत एलिमेंटरीला आम्ही काढायचो ती कशी स्वच्छ : दोन डोंगर, मधून सूर्य, वळणावळणाची नदी, झोपडी, नारळ, आणि आकाशात चार आकड्यासारखे चार कावळे. घरी बसल्यावर मी जलरंग हातात घेतले आणि पहिली दोन वर्षं तसलंच स्वच्छ काढत राहिले. मुलानं मोबाइल दिला तेव्हा फोटोही काढू लागले. तेही स्वच्छ. गुलाब, जास्वंद, सूर्यास्त.

मग येऊरचं सागाचं पान भेटलं.

ऐरोलीहून लोकलनं ठाणे, तिथून येऊरची बस. वरच्या बाजूला जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे. सप्टेंबर संपत आला की तिथले साग बघवत नाहीत. लांबून वाटतं झाडं करपलीत. जवळ गेलं की कळतं की एका बारक्या अळीनं पानाचा सगळा हिरवा गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवल्या आहेत. मोठी शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या, त्यांच्यामधल्या केसाएवढ्या. जेवणाच्या ताटाएवढी जाळी. असं एक पान खाली पडलेलं होतं, मी ते उचलून उजेडासमोर धरलं आणि माझे हात स्टुडिओत गेले. निगेटिव्ह अशीच उजेडासमोर धरायची सवय ना. फोटो काढला. पान वहीत घालून घरी आणलं.

रात्री ते पान पांढऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं उतरवायला बसले. दोन तास लागले. झाल्यावर फोटोशी ताडून बघितलं, तर चूक. पानाच्या डाव्या अंगाला बाजूच्या शिरा नऊ होत्या, उजव्या अंगाला दहा. मी दोन्हीकडे नऊ-नऊ काढल्या होत्या, समोरासमोर, बोहल्यावरच्या नवरानवरीसारख्या. पान समोर असूनही माझ्या हातानं ते 'दुरुस्त' केलं होतं! चोवीस वर्षांची खोड. तुमच्या पत्रांच्या पानात गेल्या आठवड्यात एका वाचकांनी लिहिलं होतं, की मोबाइलनं खटकन काढलेला फोटो ही कला नव्हे आणि फोटो बघून चित्र काढणं ही तर नक्कल. त्यांना माझं एवढंच सांगणं, की त्या रात्री फोटो नसता तर माझी लबाडी मला कळलीच नसती. कॅमेरा शिरा मोजत बसत नाही, नऊ का दहा याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही.

पण तोही बोलतो कधीकधी. 2024 साली येऊरला कारवी फुलली. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्याआधी 2016 ला फुलली होती. उतार जांभळा झालेला. जांभळा म्हणजे पिकत आलेल्या जांभळाचा नव्हे, धुऊन-धुऊन विरलेल्या जांभळ्या लुगड्याचा. मी वीस-पंचवीस फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर सगळी कारवी निळी. मोबाइलला जांभळ्याचं वावडं आहे, असे रंग तो निळ्यात ढकलतो. हा अनुभव मला नवा नाही. रंगीत फिल्मच्या काळातही काही साड्यांचे रंग हमखास बदलून यायचे आणि गिऱ्हाईक आमच्यावर उखडायचं. कारवीचं चित्र मी काढलं तेव्हा आकार फोटोवरून घेतला आणि रंग डोळ्यांत होता तो. अल्ट्रामरीन निळ्यात क्रिमसन लालचा एक थेंब, मग भरपूर पाणी, आणि तरी मनासारखा जमला नाही. पण निळा तरी नाही. तेव्हा कॅमेरा श्रेष्ठ की कुंचला, या वादात मला पडायचंच नाही. दोघांनी एकमेकांचे कान धरावेत.

आता त्या पानाचं पुढे काय झालं ते. एका संस्थेनं 'निसर्गातील कला' या विषयावर छायाचित्र स्पर्धा ठेवली होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत. मी सागाच्या जाळीचा फोटो दिला. परीक्षकांनी प्रत्येकाला दोन ओळी लिहून दिल्या होत्या. माझ्या दोन ओळी : 'प्रयत्न स्तुत्य. मात्र पान किडके आहे. चांगले पान निवडावयास हवे होते.'

संपादक महोदय, मी हसले. खरंच हसले. मग बक्षिसाचा फोटो बघितला. पाण्यातून उडालेला रोहितांचा थवा, पाठीमागे केशरी सूर्य. पक्ष्यांच्या माना डावीकडून उजळलेल्या होत्या आणि पाण्यावरची सूर्याची चमक उजवीकडे होती. कुणीतरी दुसरीकडचा सूर्य आणून चिकटवला होता. आमच्या स्टुडिओत असं काम झालं असतं तर मालकांनी ते टेबलावरच फाडलं असतं. खोटं करायचं तर छाया एका अंगाला पडेल असं करा, हा त्या धंद्यातला पहिला धडा. मी कुणाला काही बोलले नाही, चहा-बिस्किट घेऊन घरी आले.

रोहितांचंच बोलायचं तर त्यांचा खरा रंग फार मजेचा आहे, आणि तो तयार रंग ट्यूबमध्ये मिळत नाही. पक्षी साधारण पावसाळा सरल्यावर येऊ लागतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत राहतात. सुरुवातीला बरेचसे फिकट असतात, जवळजवळ दुधी. खाडीतलं खाणं पोटात जाऊन त्यातला रंग पिसांत उतरतो, म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत ते रंगत जातात. आपल्याकडे जास्त दिसतो तो धाकटा रोहित. त्याची चोच गडद, काळपट तांबडी. थोरल्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. थव्यात राखाडी, मळकी पिल्लंही असतात. ती बऱ्याचदा वाचकांच्या फोटोंतून कापलेली दिसतात, कारण ती 'चांगली' दिसत नाहीत! आणि उभा असताना हा पक्षी आपला भडक रंग लपवून ठेवतो. पंख उघडला की आतला लाल आणि कडेचा काळा एकदम दिसतो, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. मी रंगवताना शरीराला जवळजवळ रंग लावत नाही. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. त्यावर पाण्यात विरघळलेला क्रिमसनचा नुसता वास, आणि लाल ठेवायचा तो पंखाच्या सांदीतल्या दोन फटकाऱ्यांसाठी. सगळीकडे गुलाबी फासला की ते दोन फटकारे मरतात. शिवाय सगळं अंग एकाच रंगाचं झालं की पाण्यातून वर आलेल्या मानेची वळणं वाचता येत नाहीत, कुठली मान कुणाची तेही कळत नाही.

खरं सांगायचं तर खाडीवर मी आता रोहितांसाठी कमी आणि चिखलासाठी जास्त जाते. 2015 साली हे अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरली, तेव्हापासून लांबलांबून लोक येतात. सगळ्यांच्या लांब लेन्स पक्ष्यांकडे. पायाशी काय चाललंय ते कुणी बघत नाही. आमच्या दिवा कोळीवाड्याच्या बाजूला ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा एकदा उकिडवं बसून बघा. (माझे गुडघे आता तक्रार करतात, मी प्लॅस्टिकचं स्टूल नेते.) तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, शेकड्यांनी. मोठ्या नांगीचे बारके खेकडे बिळातून बाहेर येऊन चिखल तोंडात घेतात, त्यातलं खाण्यासारखं ते काढून घेतात आणि उरलेल्याच्या राईएवढ्या गोळ्या करून मांडून ठेवतात. बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी, दारातली ठिपक्यांची रांगोळीच. पुढची भरती ती पुसून टाकते आणि दुसऱ्या ओहोटीला ते परत मांडायला बसतात. निवटी, म्हणजे चिखलावर सरपटणारी मासळी, त्यावरून सरपटत गेली की शेपटीची एक नागमोडी रेघ ओढली जाते. अशी एक रेघ मी कागदावर मारायचा किती वेळा प्रयत्न केला. हात थरथरला तरी चुकते आणि न थरथरला तरी चुकते.

वरच्या अंगाला, जिथे उधाणाचंच पाणी पोचतं, तिथे चिखल वाळून भेगाळतो. या भेगांचे फोटो मी तीन वर्षं काढते आहे. पहिल्यांदाच वाळलेल्या चिखलात एक भेग दुसरीला जाऊन काटकोनात थडकते, तिथे गल्ली संपल्यासारखी. तोच चिखल पुन्हापुन्हा भिजून वाळला की भेगांचे कोन हळूहळू बदलतात, तीन भेगा एका ठिकाणी सारख्या अंतरानं भेटू लागतात आणि मधले तुकडे षटकोनाकडे झुकतात. म्हणजे भेग बघून सांगता येतं की जमीन नवी वाळली की जुनी मुरलेली. सुरुवातीला मला तो चिखल काळा दिसायचा. रंगवायला बसल्यावर कळलं की त्यात काळा नाहीच. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन मिसळलं की एक जिवंत करडा तयार होतो, तो खालच्या ओलाव्याचा. भेगेच्या कडेला उन्हाची पिवळसर धार. आणि ओल्या पट्ट्यावर वरच्या आकाशाचा जो काही रंग असेल तो.

ऐनाचं झाडही असंच. येऊरला शिरल्यावर थोडं आत ऐन आहेत, त्यांची साल थेट मगरीच्या पाठीसारखी, चौकटी-चौकटींची. चिखलाचा फोटो आणि ऐनाच्या सालीचा फोटो शेजारी ठेवले तर माझ्या नातवाला ओळखता येईना. एक वाळून आकसतं म्हणून फाटतं, दुसरं आतून वाढतं म्हणून फाटतं, आणि नक्षी जवळजवळ सारखी. पूर्वीची मी असते तर दोन्ही पेन्सिलीनं भरून गुळगुळीत केलं असतं.

एक आणखी. येऊरच्या पाड्यांवर वारली घरं आहेत. एका घराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेलं झाड बघत होते. घरातल्या आजीबाई म्हणाल्या, "बघता काय, झाडच हाय." मी म्हटलं, "मावशी, ही निगेटिव्ह आहे." त्यांना काही कळलं नाही, मलाही ते तिथे उभ्याउभ्याच सुचलं होतं. जमीन गडद, आकार पांढरा, सावली कुठेच नाही. माणसाचा तपशील दोन त्रिकोणांत संपलेला, पण झाडाची फांदी न् फांदी, पान न् पान काढलेलं. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं मी आधी छापलेली पाहिली होती. पण भिंतीवरचा पिठाचा रंग बोटाला खरखरीत लागतो, हे छपाईत कुठून कळणार. त्या आजीबाईंनी मला सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला दिलं. हात लाल झाला. ती लहानपणी पोरांची मेंदी होती म्हणे. तो लाल मी वहीच्या कागदावरही चोळून आणला. आठवड्यात तो तपकिरी पडला, पण माझ्या पेटीतल्या बर्न्ट सिएनापेक्षा गोड आहे.

आता मूळ कामाचं. आपल्याला दोन विनंत्या आहेत.

वाचकांचा फोटो छापताना त्याच्याखाली सुभाषित छापू नका. जागा, महिना, वेळ, आणि ठाऊक असेल तर झाडाचं किंवा पक्ष्याचं नाव छापा. रंग वाढवला असेल, सूर्य चिकटवला असेल, तर तेही सांगा. त्यात लाज वाटायचं कारण नाही. आमच्या स्टुडिओच्या दरपत्रकावर 'रिटचिंग वेगळे' अशी ओळ होती आणि गिऱ्हाईक ते वाचून पैसे द्यायचं. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट म्हणून कलाशाळेतले एक शिक्षक होते, 1932 साली वारले. विद्यार्थ्यांना नक्षी शिकवायला म्हणून ते घरी बनवलेल्या कॅमेऱ्यानं कोंब, कळ्या, नेच्याची गुंडाळी असे फोटो कित्येक पट मोठे करून काढायचे. नातवानं मला ते मोबाइलवर दाखवले. नेच्याचा कोंब लोखंडी जाळीच्या नक्षीसारखा दिसतो. त्यांनीही नको ती पानं छाटली आणि फोटोंवर हात फिरवला, माझ्या धंद्यातल्या माणसाला ते ओळखू येतं. पण केलं ते आकार स्पष्ट दिसावा म्हणून. कोंबाला त्यांनी गुलाब केलं नाही.

दुसरी विनंती, आपण सोन्याचा भाव छापता, राशिभविष्य छापता, तर ठाणे-नवी मुंबईच्या पानावर दोन ओळींत खाडीची भरती-ओहोटी छापा. आमच्याकडे येणारे लोक हमखास चुकीच्या वेळेला येतात. पूर्ण भरतीला येऊन पाणी बघतात आणि रोहित दिसले नाहीत म्हणून कुरकुरत परत जातात. तेव्हा पक्षी पाणथळीच्या दुसऱ्या कोपऱ्यांत विसावायला गेलेले असतात. अगदी तळाच्या ओहोटीला आलं तर ते लांब चिखलात, मुंगीएवढे. पाणी चढत असतानाची मधली वेळ गाठली तर ते काठाकडे सरकत येतात. बोटीतून बघायचं तर बोटही भरतीच्या हिशेबानंच सुटते. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना छापील तक्ता लागत नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं, आली भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या पुढेमागे. खाडीच्या आत येईतो थोडा उशीर धरायचा. चित्र काढणाऱ्यांसाठी आणि फोटोवाल्यांसाठी हे दोन दिवस सगळ्यांत मोलाचे. उधाणाची ओहोटी खोलवर जाते, चिखल जास्तीत जास्त उघडा पडतो, आणि नेमकं तेव्हाच ऊन तिरपं असतं, त्यामुळे खेकड्याच्या प्रत्येक गोळीला स्वतःची सावली मिळते. अष्टमीच्या दुपारी बाराला तोच चिखल सपाट दिसतो, चेहऱ्यावर समोरून फ्लॅश मारल्यासारखा. एवढं एका शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना सांगितलं तर त्यांनी पुढच्या पौर्णिमेला आठवीची वीस मुलं आणली. तीन मुलं चिखलात बसली, एकाची चप्पल गेली. चार कावळे एकानंही काढले नाहीत. एका मुलीनं तासभर फक्त स्वतःच्या बुटाचा ठसा आणि त्यात साठत आलेलं पाणी काढलं. मी तिच्या मागे उभी होते, तिच्या कागदावर पाण्याच्या जागी नुसता कोरा कागद ठेवलेला होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सोबत सागाच्या पानाचा तोच फोटो जोडला आहे. जागा येऊर, महिना सप्टेंबर, वेळ सकाळी नऊची, झाड साग. छापणार असाल तर कृपया उजळू नका आणि कडा कापू नका. खाली डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका आहे. आपल्या विभागातल्या मुलांना तो घाण वाटेल आणि ते पुसायला जातील. ती मुंगी आहे.

आपली वाचक,
एक जुनी रिटचर, ऐरोली
(नाव छापू नये. स्पर्धेचे परीक्षक आमच्याच इमारतीत राहतात.)